तीन अक्षरांचे घर

मध्यंतरी डॅलसला पुतणीकडे गेलो होतो. तिच्या मुलीला ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. घरात आनंद होता आणि एक वादही. नातीला 'सोरोरिटी'त जायचे होते. पुतणी म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा हिला. वर्गणी भरून मैत्रिणी मिळवायच्या, ही कुठली रीत?"

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. कागद वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही खोड अजून गेलेली नाही. म्हणून नातीलाच म्हटले, "आधी मला नीट समजावून दे."

मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. नाव बहुधा दोन-तीन ग्रीक अक्षरांचे. अशी पहिली संस्था, फाय बीटा कप्पा, 1776 मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. ती पुढे विद्वानांची मानाची संस्था झाली. आजची पद्धत रुजली ती 1825 नंतर, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात. घरापासून दूर आलेल्या पोरांना आपले म्हणावे असे घर हवे होते, एवढेच.

पण बारा कोसांवर भाषा बदलते, तशी कॉलेजागणिक या घराची रीत बदलते. अलाबामा विद्यापीठात ऑगस्टमध्ये दोन हजारांहून अधिक मुली नटूनथटून या घरातून त्या घरात फिरतात आणि घरे त्यांची निवड करतात. आपल्याकडचा मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमच म्हणा ना! तिथे कृष्णवर्णीय मुलींना डावलले जाते, हे 2013 मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने चव्हाट्यावर आणले. मोर्चा निघाला, तेव्हा कुठे दारे किलकिली झाली.

ज्यांना दारे बंद होती त्यांनी स्वतःची घरे बांधली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये अल्फा कप्पा अल्फा स्थापन झाली. कमला हॅरिस तिथल्याच. या संघटनांत नाते पदवीबरोबर संपत नाही, ते जन्मभराचे असते. उलट विल्यम्स कॉलेजाने 1962 मध्ये फ्रॅटर्निटी हळूहळू मोडीत काढायचे ठरवले, ॲमहर्स्टने 1984 मध्ये. आणि ऑस्टिनलाच 1998 मध्ये दक्षिण आशियाई मुलींनी कप्पा फाय गॅमा उभी केली.

"मग त्यातच जा की," पुतणी म्हणाली.

"आई, मला माझ्यासारख्याच मुलींत का राहायचंय, हे तरी विचार!"

दोघींचेही खरे होते. माझ्या मनात मात्र वेगळाच आकडा होता. 2017 च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीत नव्या मुलांना दारू पाजली गेली. 19 वर्षांचा एक मुलगा जिन्यावरून पडला. भोवती एवढे 'भाऊ' असताना सकाळपर्यंत कोणी मदत बोलावली नाही. तो गेला. त्या राज्याने 2018 मध्ये कडक कायदा केला. अशा प्रकारांची माहिती कॉलेजांनी जाहीर करावी, असा देशव्यापी कायदा डिसेंबर 2024 मध्ये झाला. आपल्या महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा.

त्याच्या कितीतरी आधी मी वसतिगृहात होतो. माझ्या खोलीतल्या, खेड्यातून आलेल्या मुलाला वरच्या वर्गातल्या पोरांनी रात्रभर गच्चीवर उभे केले. मी सगळ्यांबरोबर हसलो. आठ दिवसांत तो वळकटी बांधून गावी परतला. त्याला एसटीवर सोडायलाही मी गेलो नाही.

हे मी घरात कधी कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी नातीला सांगितले. म्हटले, "घर कुठलेही निवड. फक्त एक बघ. तिथे कोणी पडले, तर फोन करायला कोण उठते?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, तो मुलगा आता कुठे असतो?"

मला ठाऊक नव्हते. मी कधी चौकशीच केली नव्हती.