भिगवणला ४००, माळरानावर ६००: टेलिफोटो लेन्स कशी निवडायची?

पणदरे-बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या श्रोत्यांचा एक प्रश्न सारखा येतो. "दादा, कॅमेरा घेतला, पण किट लेन्समध्ये पक्षी ठिपक्याएवढा येतो. आता कोणती झूम घेऊ?" आता बघा, बरी टेलिफोटो म्हणजे नव्या नोकरदाराचे दोन-तीन पगार. त्यामुळे यूट्यूबवर कुणीतरी म्हटलं म्हणून घ्यायची ही वस्तू नाही.

आधी मोबाइलचं सांगतो, म्हणजे तो विषय मिटेल. फोनवर १०० एक्स लिहिलेलं असलं, तरी त्यातला काचेचा खरा झूम साधारण तीन ते पाच पट असतो. पुढचं सगळं क्रॉप करून, सॉफ्टवेअरने रंगवलेलं. झाडावरच्या कोतवालाची ओळख पटवायला चालतं. फोटो म्हणून नाही चालत.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी गणित मांडतो. सेन्सरवर प्राणी किती मोठा पडेल? प्राण्याची उंची गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. बस. आपल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा घ्या. खांद्यापर्यंत साधारण ६५ सेंटिमीटर उंच. तो १०० मीटरवर उभा आहे आणि तुमच्याकडे ४०० मिमी लेन्स आहे. सेन्सरवर तो पडतो २.६ मिमी. आपण बहुतेक जण एपीएस-सी सेन्सरचे कॅमेरे वापरतो, त्याची उंची १५ मिमीच्या आसपास. म्हणजे चिंकारा फ्रेमच्या सहाव्या हिश्श्याएवढा. ३०० मिमीला तो आठव्या हिश्श्यावर जातो, ६००ला चौथ्या.

आता तेच गणित भिगवणला करा. उजनीच्या पाण्यात उभा असलेला मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, सव्वा-दीड मीटर उंच असतो. बोट ६० मीटरवर थांबली तर ४०० मिमीवर तो फ्रेमची अर्ध्याहून जास्त उंची भरतो. तिथे ६०० घेऊन गेलात की थवा उडाल्यावर अर्धे पंख फ्रेमच्या बाहेर. शिवाय होडी हलत असते, ट्रायपॉडचा उपयोग शून्य, सगळं हातावर. म्हणून भिगवणसाठी १००-४०० झूम मला सगळ्यात शहाणी निवड वाटते. कॅननची आरएफ १००-४०० तर जेमतेम ६३५ ग्रॅमची आहे. दुचाकीवरून, पाठीला सॅक लावून जाणाऱ्याला हा फरक फार मोठा.

पण कडबनवाडी, शिर्सुफळचं माळरान वेगळं. तिथे आडोसा नाही, झाडं विरळ, आणि चिंकारा, लांडगा, खोकड तुम्हाला फार लांबून बघतात. तिथे १५०-६०० लागते. सिग्मा आणि टॅमरॉन दोघांच्या आहेत, वजन दोन किलोच्या आसपास. निकॉनची २००-५०० त्याहून थोडी जड, पण शेवटपर्यंत एफ/५.६ देते.

हा एफ आकडा का महत्त्वाचा? ६००ला ६.३ने भागा, ९५ येतात. म्हणून त्या लेन्सचा पुढचा फिल्टर ९५ मिमीचा. तेच एफ/४ हवं असेल तर काच १५० मिमीची लागते, प्रकाश अडीच पट मिळतो, आणि किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. आपल्याला झेपणारं नाही, आणि खरं सांगू का, आपल्या भागात त्याची तेवढी गरजही नाही. ही काही ताडोब्याची दाट सावली नव्हे. उघडं माळरान, सूर्य वर आला की एफ/६.३लासुद्धा १/१०००चा शटर मिळतो, आयएसओ थोडा वाढवायचा. टेलिकन्व्हर्टरच्या मोहात मात्र पडू नका. १.४ एक्स लावला की एफ/६.३चं एफ/९ होतं, आणि जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो.

एक गोष्ट कुठलीच लेन्स दुरुस्त करू शकत नाही: तापलेल्या जमिनीवरची हवा. ऊन चढलं की माळ थरथरायला लागतो, आणि १५० मीटरवरचा चिंकारा सहा लाखांच्या लेन्समध्येही पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. लोक म्हणतात फोकस खराब आहे. फोकस ठीक असतो. सकाळी लवकर जा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ४००वरून ६००ला जाणं म्हणजे १०० मीटरवरचा प्राणी ६७ मीटरवर आल्यासारखं. लेन्स कमी पडली की माणूस हे ३३ मीटर पायाने किंवा गाडीने कापायला जातो. माळावर जमिनीवर घरटी करणारे धाविक असतात, टिटव्या असतात, त्यांची अंडी मातीच्याच रंगाची. लांडग्याच्या गुहेजवळ गर्दी झाली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. चिंकारा आणि लांडगा दोघंही १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हेही लक्षात ठेवा. रोहितांनी माना ताठ करून चालायला सुरुवात केली, की नावाडीदादांना बोट थांबवायला सांगायचं. लेन्स कितीही छोटी असो.

वनविभागाची गवताळ सफारी असते, तीत गाडीच्या खिडकीवर टेकवायला बीनबॅग लागते. विकत कशाला घेता? जाड कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरा, तोंड शिवून टाका. झालं.

मग एकच घ्यायची तर? महिन्यातून दोनदा गाडीने माळावर जाणार असाल तर १५०-६००, आणि जुनी चालेल. वर्षातून हिवाळ्यात दोन-तीनदा भिगवण करणार असाल तर १००-४००. अजून ठरत नसेल तर पुण्यातून एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा आणि रविवारी संध्याकाळी खांदा काय म्हणतो ते विचारा.

जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सरळ परत द्या. थोडी धूळ चालते. झूम पुढे-मागे फिरवून बघा, अडकते का. बाहेर येणारी नळी धूळ आत ओढते, आणि उसाच्या सीझनमध्ये आपल्या रस्त्यांवर ती किती असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग ६०० मिमीवर, पूर्ण उघड्या अपर्चरला, लांबच्या एखाद्या पाटीचे दहा फोटो काढा आणि तिथेच मोठे करून अक्षरं वाचता येतात का ते बघा. विकणारा घाई करत असेल तर करू दे.