विमुक्तांची नोंद कधी सुटणार?

नांदेडला एका पारधी तरुणाबरोबर मी वकिलांकडे गेलो होतो. रखवालदाराची नोकरी हाताशी आली होती. अडले होते चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यापाशी. चोरीच्या संशयावरून झालेल्या खटल्यातून तो निर्दोष सुटला होता, निकालाची प्रतही खिशात होती. तरीही दाखल्यावर त्या गुन्ह्याचा उल्लेख आला. "कोर्टानं सोडलं, मग कागद का सोडंना?" असे त्याने विचारले. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. त्याची मुळे दीडशे वर्षे मागे जातात.

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ पासून तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याची नोंद होई. मग बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडताना परवाना. काहींना सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात ठेवले गेले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिशांचा कायदा तिथे थेट चालत नसे, पण भटक्यांकडे संशयाने पाहण्याची नजर तीच होती. संस्थानातील लमाणांनीही ती सोसली.

अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तेव्हाचा. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. कागदावर हा कायदा जमातीला नव्हे, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीला लागू होतो. मात्र ठाण्यातल्या संशयाच्या याद्या जुन्या वाटेनेच भरत राहिल्या. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमातीचे नाव हाच आरोप कसा ठरतो, हे त्या आत्मकथनाने मराठी वाचकांच्या घरात नेले.

आज नोंद पुसायची म्हटली तर वाटा कोणत्या? इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळानंतर बऱ्याच शिक्षा संपल्या असे मानले जाते. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या २४ व्या कलमाने अल्पवयीनाची नोंद अपिलाची मुदत उलटल्यावर किंवा वाजवी काळाने नष्ट करायची असते. गंभीर गुन्ह्यांत प्रौढ म्हणून खटला चाललेले सोळा वर्षांवरचे काही याला अपवाद आहेत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे १२ वे कलम, समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यावरची अपात्रता काढते. म्हणजे अपात्रता जाते, नोंदीबद्दल ते कलम बोलत नाही. निर्दोष सुटलेल्याला मात्र स्वतः निकालाची प्रत घेऊन अर्ज करत फिरावे लागते.

नोकरीच्या फॉर्मवर खटला दडवला तर प्रकरण अंगाशी येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले की माहिती खरी द्यावी. पण ती मिळाल्यावर नोकरी देणाऱ्यानेही गुन्ह्याचे स्वरूप आणि निकाल पाहूनच ठरवावे.

२०२४ मध्ये दोन निकाल आले. ७ मे रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो जाहीर करण्यासाठी नाही. निव्वळ मागास समाजात जन्मल्यामुळे त्यात नाव चढू नये, याकडे सर्व राज्यांनी लक्ष द्यावे, असेही म्हटले. ३ ऑक्टोबरला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले.

म्हणजे उत्तर कायद्यात अर्धे आहे, अर्धे ठाण्याच्या कपाटात. म्हणून मी त्या तरुणाला तीन गोष्टी सांगितल्या: निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेव, दाखला दुरुस्त करण्याचा अर्ज लेखीच दे, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नकोस.

त्याने पोच आणली आहे. नोकरीची जागा अजून भरलेली नाही.