चाकांचं बॅलन्सिंग: ट्रॉलीला नको, पिकअपला चारही चाकांना हवं



आंब्याची गाडी सुरू होण्याआधी हमखास येणारा प्रश्न: मागच्या चाकांचंही बॅलन्सिंग करायचं, की पुढची दोन पुरेत?

*बॅलन्सिंग म्हणजे काय?*
टायर आणि डिस्कचं वजन सगळीकडे अगदी सारखं नसतं. एक बाजू जड असली की चाक फिरताना हादरे देतं. मशीनवर ही बाजू शोधून डिस्कला छोटी वजनं लावतात. वेग दुप्पट झाला की हादरा चौपट होतो. म्हणजे ताशी 20 किमीला जेवढा, त्याच्या सोळापट 80 ला!

*पॉवर टिलर, ट्रॅक्टरची ट्रॉली*
बागेतून शेडपर्यंत हळूच चालते. बॅलन्सिंगवर पैसे घालू नका. हवा, नट आणि बेअरिंग मात्र बघा.

*पिकअप, किंवा गाडीमागे जोडून हायवेने नेायचा ट्रेलर*
हातखंब्याहून वाशी मार्केट तीनशे किलोमीटरच्या वर आहे. इथे सगळी चाकं करून घ्या. पुढच्या चाकात दोष असेल तर स्टेअरिंग थरथरतं, ड्रायव्हरला लगेच कळतं. मागच्या चाकाचं तसं नाही. ते हादरे पेट्या खातात. रात्रभर फळावर फळ घासतं आणि डाग दिसतो तो वाशीला पेटी उघडल्यावर. खड्डे आपल्या हातात नाहीत, चाक आहे.

*कधी करावं?*
✅ नवीन टायर बसवल्यावर
✅ पंक्चरसाठी टायर डिस्कवरून उतरवला असेल तर
✅ डिस्कवरचं वजन गळून पडलं असेल तर

*त्याआधी हे करा*
1. डिस्कच्या आत सुकलेला तांबडा चिखल खरवडून धुवा. नुसत्या चिखलानेही चाक हादरतं.
2. सपाट जागेवर, बाकी चाकांना दगड लावून, जॅकवर चाक उचला. वर-खाली धरून हलवा. खुळखुळलं तर आधी मेकॅनिकला दाखवा. बहुतेक वेळा बेअरिंग सैल असतं.
3. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. भरलेल्या गाडीसाठी कंपनीने दिलेला आकडाच धरा.

वाकलेली डिस्क किंवा फुगलेला टायर बॅलन्सिंगने सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. टायर एकाच बाजूने झिजत असेल तर अलाइनमेंट तपासून घ्या.

पहिली गाडी भरण्याआधी एवढं उरकून घ्या. माल आपला, गाडीत बसलेला माणूसही आपलाच.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, हातखंबा