रात्री दोन वाजता जॉब अडला. ऑपरेटरने काय करायचे?

पगार जमा होणे, ईएमआय कापला जाणे, हवामानाचा अंदाज तयार होणे... यामागची संगणकीय कामे रात्रभर आपोआप चालतात. एखादे काम अडले तर काय करायचे, याच्या सूचना त्या कामाच्या स्क्रिप्टमध्येच का हव्यात?

पनवेलची नवी ओळख डेटा सेंटरचे शहर अशीही आहे. जुलै २०२० मध्ये येथे ‘योट्टा एनएम१’ सुरू झाले. त्याची क्षमता ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट एवढी आहे. अशा केंद्रात जागा, वीज आणि थंडावा मिळतो. मात्र तिथल्या सर्व्हरवर चालणाऱ्या कामांवर लक्ष ठेवणारा ऑपरेटर दुसऱ्या शहरातही बसलेला असू शकतो. काम फसले की त्याच्या स्क्रीनवर लाल खूण दिसते.

शेड्युलर म्हणजे काय?

कोणते काम किती वाजता आणि कशानंतर सुरू करायचे, हे ठरवणारे सॉफ्टवेअर म्हणजे शेड्युलर. युनिक्समधील ‘क्रॉन’ १९७०च्या दशकापासून ठरलेल्या वेळी काम सुरू करतो. आजचे शेड्युलर आधीचे काम पूर्ण झाले का, लागणारी फाइल आली का, हेही पाहतात. प्रत्येक कामाच्या आज्ञा ज्या फाइलमध्ये असतात, ती त्याची स्क्रिप्ट.

अडचण कुठे येते?

स्क्रिप्ट लिहिणारा एक, रात्रपाळीत ती सांभाळणारा दुसरा. सूचना बहुतेक वेळा वेगळ्याच फाइलमध्ये असतात. स्क्रिप्ट बदलते, ती फाइल मात्र जुनीच राहते. ऐनवेळी ती सापडली तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

यावर उपाय काय?

युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने बनवलेल्या ‘ईसीफ्लो’ शेड्युलरमध्ये स्क्रिप्टच्या आतच ‘मॅन्युअल’ नावाचा भाग लिहिता येतो. ऑपरेटरने अडलेल्या कामावर क्लिक केले की तो मजकूर वेगळ्या टॅबमध्ये दिसतो. काम चालवताना हा भाग वगळला जातो, त्यामुळे कामावर परिणाम होत नाही. एअरबीएनबी कंपनीत २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘एअरफ्लो’मध्येही कामासोबत टिपण जोडून ते स्क्रीनवर दाखवता येते.

टिपणात काय हवे?

• हे काम काय करते आणि थांबले तर कोणाचे अडते?
• ते थेट पुन्हा चालवता येते का?
• आधी काय तपासायचे?
• किती वेळ थांबायचे आणि मग कोणत्या टीमला कळवायचे?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हवामानाचा नकाशा पुन्हा काढला तर फारसे बिघडत नाही. ईएमआय कापणारे काम अर्ध्यावर थांबले आणि तसेच पुन्हा चालवले, तर काहींच्या खात्यातून दोनदा पैसे जाऊ शकतात.

धोका खरोखर मोठा आहे का?

ब्रिटनमध्ये जून २०१२ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीची कामे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत अडचण आली. परिणाम न तपासताच ती काढून टाकण्यात आली आणि ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. २०१४ मध्ये नियामकांनी समूहाला एकूण ५.६ कोटी पौंडांचा दंड केला. घाईत उचललेले पाऊल किती महागात पडते, ते यातून दिसते.

भारतात तर आता सुट्टीची उसंतही उरलेली नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे. पगार व हप्त्यांसाठी वापरली जाणारी ‘नॅच’ प्रणाली १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारीही चालते.

काळजी कोणती घ्यावी?

टिपणात पासवर्ड कधीही लिहू नये. एखाद्या व्यक्तीच्या नावाऐवजी टीमचे नाव द्यावे, माणसे बदलतात. शेड्युलरच बंद पडला तर टिपणही दिसणार नाही, म्हणून एक प्रत बाहेर ठेवावी. स्क्रिप्ट बदलताना टिपण बदलले नसेल, तर तो बदल मंजूर करू नये.

टिपण जमले की नाही, हे ओळखणे सोपे आहे. ते नव्या ऑपरेटरला वाचायला द्या. कोणालाही फोन न करता पुढचे पाऊल कोणते, हे त्याला सांगता आले पाहिजे.