क्लारा : ‘अवळु’ की ‘अदु’?

यंत्रमानव मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) ह्या कादंबरीत तो भेटतो. पण तिथे माणसे यंत्राकडे पाहतात. काझुओ इशिगुरो (नोबेल पारितोषिक, २०१७) ह्यांच्या ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) मध्ये यंत्रच माणसांकडे पाहते आणि सारी हकिकत ‘मी’ म्हणून सांगते.

क्लारा म्हणजे मुलांना सोबत म्हणून विकला जाणारा दुकानातला माल. उन्हावर चालते. तिच्याहून नवे मॉडेल शेजारीच येऊन उभे राहते. शिल्लक माल खरेदीची किंमत किंवा बाजारभाव ह्यांत जे कमी त्या दराने धरावा, हा आम्हा वाणिज्यवाल्यांचा नियम तिला तंतोतंत लागू पडतो!

जोसी नावाची आजारी मुलगी तिला पसंत करते. ह्या कादंबरीतले आईबाप मुले शर्यतीत मागे पडू नयेत म्हणून त्यांच्या जनुकांत बदल करवून घेतात. जोसीचे दुखणे त्यातलेच. तिची थोरली बहीण आधीच गेली आहे. हीही गेली तर? चित्र काढण्याच्या नावाखाली आई जोसीची हुबेहूब प्रतिकृती घडवून घेत असते. क्लाराने तिच्यात शिरून जोसी म्हणून पुढे जगावे, असा बेत. आई दुष्ट नाही, म्हणूनच हा भाग वाचवत नाही.

क्लारा मात्र सूर्याला साकडे घालते. त्यासाठी आपल्या डोक्यातले थोडे द्रव देऊन टाकते. बुद्धी मंदावण्याचा धोका असूनही. जोसी बरी होते, मोठी होते, कॉलेजला निघून जाते. क्लारा अडगळीत पडते. तिथे ती जे बोलते त्याचा आशय असा : जोसीचे वेगळेपण जोसीच्या आत नव्हतेच, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आत होते, तिथवर नक्कल पोचली नसती.

भोपाळच्या आनंद नगरातल्या आमच्या घरी मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. अज्जीला ही गोष्ट कन्नडातून सांगताना मोठा पेच पडला. मराठीत ‘ती’ म्हणायला काही लागत नाही, खुर्चीही ‘ती’च. कन्नडात बाईला ‘अवळु’, वस्तूला नि जनावराला ‘अदु’. ठरवावेच लागते. मी ‘अदु’ने सुरुवात केली, डोक्यातले द्रव देण्याच्या प्रसंगाशी आलो तेव्हा तोंडून आपसूक ‘अवळु’ निघाले. अज्जीने टोकले नाही. तिचेही बरोबरच आहे म्हणा, कन्नडात अंगावरच्या तान्ह्या पोरालासुद्धा ‘अदु’च म्हणतात.