गायतोंडे यांच्या चित्रांतील काळ

चित्र एकाच दृष्टिक्षेपात समोर येते आणि काव्य मात्र क्रमाक्रमाने उलगडते, म्हणून चित्रकला ही अवकाशाची व काव्य ही काळाची कला होय, अशी विभागणी जर्मन विचारवंत लेसिंग याने 1766 मध्ये ‘लाओकून’ या ग्रंथात केली आणि ती पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. वासुदेव संतू गायतोंडे (1924–2001) यांच्या चित्रांपुढे मात्र ती लंगडी पडते. काळ हा विषय मराठी चित्रकारांना नवा नव्हता. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत तर घड्याळ ही वस्तूच अवतरते. गायतोंडे यांच्याकडे अशी कोणतीही खूण नाही, आणि तरीही काळाचा अनुभव त्यांच्याच चित्रांत अधिक खोलवर येतो.

नागपुरात गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या गायतोंडे यांनी 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतली. आरंभी त्यांच्यावर पॉल क्ले याचा प्रभाव होता; पुढे चित्रांतील आकृती विरत गेल्या. या चित्रांना सर्रास ‘अमूर्त’ म्हटले जाते, पण स्वतः गायतोंडे यांना ते नाव मान्य नव्हते. दृश्य वस्तूचा तपशील गाळत जाऊन तिचे सार उरवणे म्हणजे अमूर्तीकरण. गायतोंडे यांच्या चित्राच्या मुळाशी अशी वस्तूच नसते, म्हणून ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्याला अधिक चपखल बसतो.

वस्तू नसेल तर चित्रात उरते काय, याचे उत्तर त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. तैलरंग कॅनव्हासवर रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने तो कुठे ओढायचा तर कुठे खरवडायचा, त्यावर पुन्हा रंग चढवायचा, आणि कधी फाटक्या कागदाचे रंगवलेले तुकडे दाबून उचलून त्यांचे ठसे उमटू द्यायचे, अशा क्रमाने चित्र घडत जाई. त्यामुळे आधीचा थर नंतरच्या थराखाली पूर्णपणे लोपत नाही; तो पातळ रंगातून झिरपत राहतो, आणि आधी काय झाले व नंतर काय झाले हे पृष्ठभागावर एकाच वेळी दिसते. एकाच रंगाच्या छटांनी भरलेल्या उभ्या कॅनव्हासवर आडव्या पट्ट्यात तरंगणारी लिपीसारखी चिन्हे जवळून पाहिली, तर कोणती वर आली आहेत आणि कोणती बुडत चालली आहेत हे सांगणे अवघड होते.

रंग लावण्याच्या वेळेपेक्षा न लावण्याची वेळ कितीतरी मोठी असे. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे पूर्ण करणारा हा चित्रकार उरलेला वेळ आळसात घालवत होता असे समजणे चुकीचे ठरेल, कारण प्रतीक्षा हा त्यांच्या चित्रनिर्मितीचाच भाग होता. झेन विचाराची त्यांना ओढ होती हे खरे. परंतु झेनचा शिक्का मारला की चित्र समजले, असे मानणाऱ्या समीक्षेने रंगाच्या थरांकडे मात्र दुर्लक्ष केले. 1984 मधील अपघातानंतर अनेक वर्षे मोठे कॅनव्हास त्यांनी हाताळले नाहीत, कागदावरची लहान रेखाटने तेवढी केली.

न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने 2014 मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच चित्राला ‘प्रक्रिया’ म्हटले होते. मराठी वृत्तपत्रांतून मात्र गायतोंडे गाजले ते 2013 च्या लिलावात एका चित्राला मिळालेल्या सुमारे 23 कोटी 70 लाख रुपयांमुळे, आणि या किमतीने चित्रांविषयीच्या चर्चेचा बराचसा अवकाश व्यापला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रे आहेत. ती मांडलेली असतील तेव्हा वाचकांनी सगळे दालन पाहण्याची घाई न करता एकाच चित्रापुढे निदान पंधरा मिनिटे थांबावे. बहुतेक चित्रांना शीर्षकही नसल्याने भिंतीवरची पाटी वाचण्यात वेळ जाणार नाही.