स्टिअरिंगने टाकली कात

जुनी गाडी बघायला आलेला माणूस बॉनेट उघडतो, टायर दाबून बघतो, सायलेन्सरचा धूर हुंगतो. पण ज्यावरून ड्रायव्हरचा हात कधीच सुटत नाही, त्या स्टिअरिंगकडे कुणी ढुंकूनही बघत नाही!

आमच्या विट्यात जुन्या गाड्यांना तोटा नाही. इथली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली, आणि तिकडे वापरलेली गाडी म्हातारपणी गावी येते. माझ्या मामांची सेडान तशीच आली. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं, नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवायचं. ती वेळ आली आणि घरात दोन पक्ष पडले. मामी स्वतः गाडी चालवतात. त्यांचं म्हणणं एकच, "हात सटकतो, विकून टाका." यात तथ्य होतं. कराडवरून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटातल्या वळणावर स्टिअरिंग तळहातातून घसरलं तर काय होईल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता लेदर गुळगुळीत का होतं? गाडीतलं लेदर म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं. त्यावर रंगाचा थर आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पातळ पारदर्शक थर असतो. म्हणजे आपला हात कातड्याला लागतच नाही, तो या वरच्या थराला लागतो. घाम, हाताचं तेल, ऊन आणि २०२० पासून सॅनिटायझरमधलं अल्कोहोल हे सगळे मिळून तो थर खातात. खालचे तंतू उघडे पडले की ते मळ आणि तेल पितात आणि वर चकाकी येते. लोकांना वाटतं पॉलिश झालंय. खरं तर चांगलं लेदर मॅट दिसतं. चमकतो तो मळ.

झीज सगळीकडे सारखी नसते, हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं. आपल्याकडे डावा हात गिअरवर जातो, उजवा स्टिअरिंगवरच राहतो, त्यामुळे मामांच्या स्टिअरिंगची उजवी बाजू जास्त गेलेली. वरचा भाग काचेतून येणाऱ्या उन्हाने कडक झालेला. मामा कसे बसतात, कुठे धरतात, सगळं त्यावर वाचता येत होतं!

काम सुरू करण्याआधी एक थेंब पाण्याची टेस्ट करा. थेंब तसाच राहिला तर थर शाबूत आहे, नुसतं स्वच्छ केलं तरी पुरतं. थेंब मुरून डाग गडद झाला तर थर गेलाय. आणि स्टिअरिंग चिकट लागत असेल, शिवण कुठेच दिसत नसेल, तर बहुतेक ते लेदर नाहीच. खालची कृती त्याला लागू पडत नाही.

सफाईला कपड्याचा साबण नको. लेदर किंचित आम्लधर्मी असतं आणि साबण अल्कधर्मी, त्यामुळे ते आणखी कोरडं पडतं. लेदर क्लीनर आणि मऊ ब्रश घ्या, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. गलाईवाले दुकानातली झाडलेली मातीसुद्धा गाळून त्यातून सोनं काढतात. इथल्या मळातून मात्र काही निघत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल काढायचं. वर मी ज्याला शिव्या दिल्या तेच अल्कोहोल, पण आता जुना थर काढायचाच आहे. त्यानंतर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या हाताने घासायचं. तंतू उभे राहिले की थांबा.

खड्डे भरायला लेदर फिलर मिळतो. रंगाऱ्याची लांबी चालणार नाही, ती वाकत नाही, तडकते. रंग पाण्यात मिसळलेला असतो. तो स्पंजने थापून अगदी पातळ लावायचा, वाळू द्यायचा, परत लावायचा. आम्ही ५ हात दिले. एकाच वेळी जाड थर दिला तर वरून साय धरते, आत ओल राहते आणि चार दिवसांत पोपडे येतात. शेवटी मॅट टॉपकोट. तो दोन भाग मिसळून करायचा असेल तर लगेच वापरा, रसायनं एकमेकांना जोडायला लागली की डब्यातच घट्ट होतं. हाताला कोरडं लागलं तरी निदान एक दिवस गाडी काढू नका.

शेजारच्या काकांनी बूट पॉलिश सुचवलं, आजीने खोबरेल. दोन्ही नको! पॉलिश तळहाताला येतं आणि खोबरेलाने स्टिअरिंग आणखी निसरडं होतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं का नको, असंही एकाने विचारलं. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सांगली जिल्हाही आहे, त्यामुळे अभिमान आहेच. पण ते बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं असतं. तळव्याखाली उत्तम, पण गोल कडीवर ताणून बसवायला जाड आणि ताठ.

शिवण उसवली असेल किंवा कातडं फाटलं असेल तर रंगाचा उपयोग नाही. कुशनवाल्याकडून नवीन चढवून घ्या, तो दोन सुयांनी हाताने शिवतो. एअरबॅगवाली गाडी असेल तर स्टिअरिंग स्वतः खोलू नका. आत स्फोटक असतं, ते काम मेकॅनिकचं. आम्ही मधल्या भागाला टेप लावून जागेवरच सगळं केलं.

मामींनी तिसऱ्या दिवशी कराडपर्यंत चक्कर मारली. रजिस्ट्रेशनचे कागद आता मामा गोळा करतायत. उन्हात गाडी लावताना स्टिअरिंगवर जुना टॉवेल टाकायची ड्यूटी माझ्याकडे आलीय.